सळ्यांमधली २१ मिलिमीटरची फट

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या इमारतीत आर्किटेक्टला कॉलम भिंतीबाहेर दिसायला नकोत, मालकाला स्टील कमी हवंय, साहेबांना ड्रॉइंग शुक्रवारी हवंय. आणि तू विचारतेस, यात डिझाइन करायचं कधी? अगं, हेच डिझाइन. मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा जोर, काय, सॉफ्टवेअरही काढून देतं.

नोकरीत नवा होतो तेव्हा एका चार मजली इमारतीत मी २३० मिमी रुंदीचा बीम काढला. भिंत नऊ इंची, म्हणून बीमही तेवढाच. खाली खिडकी, त्यामुळे बीमची उभी जाडी वाढवता येईना. कॉलमपाशी वरच्या थरात २५ मिमीच्या चार सळ्या लागत होत्या, त्या टाकल्या. हिशेब चोख होता. साइटवर गेलो तर सळ्या बांधणारा फिटर त्यांच्याभोवतीच्या रिंगा बांधता बांधता म्हणाला, "साहेब, यातनं माल, काँक्रीट, जाणार कुठून?" मी त्याला ड्रॉइंग दाखवलं! त्यानं ते बघितलं आणि मुकाट्यानं पुन्हा तार पिळायला लागला.

आता तूच मोज. २३० मधून दोन्हीकडचं २५-२५ कव्हर, म्हणजे सळ्यांबाहेरचा काँक्रीटचा थर, काढ, ८ मिमीच्या रिंगेचे दोन पाय काढ. उरले १६४. चार सळ्यांनी १०० खाल्ले. उरलेल्या ६४ मध्ये तीन फटी, म्हणजे एकेक जेमतेम २१ मिमीची. खडी २० मिमीची. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे तिथे २५ तरी हवेत. शिवाय बीम-कॉलम मिळतात त्या गाठीत कॉलमच्या उभ्या सळ्या आणि दुसऱ्या बीमच्या आडव्या. काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची ४० मिमीची सुई आत जाईना, तेव्हा पोरांनी बाहेरून सेंट्रिंगवर, म्हणजे साच्यावर, हातोडे मारले. सेंट्रिंग काढलं तर कॉलमच्या तोंडाशी हनीकोंब, मधाच्या पोळ्यासारखी पोकळ भोकं. पेन अर्धं आत गेलं. तोडून पुन्हा भरलं. खर्च कुणाचा यावर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही.

नऊ इंची भिंतीचा हट्ट चुकीचा नव्हता. लहान खोलीत बाहेर आलेला बीम रोज डोळ्यांत खुपतो. मी ती अट निमूट घेतली, तिची किंमत कुणाला सांगितली नाही, आणि ती जाऊन पडली फिटरच्या डोक्यावर. २० मिमीच्या सळ्या दोन थरांत टाकून बघता आलं असतं, किंवा बीम ३०० चा करून तो कपाटाच्या वर घेता आला असता. आर्किटेक्टला विचारलंच नाही.

तुझ्या कॉलमचं म्हणशील तर २०१६ च्या आयएस १३९२० नं, म्हणजे भूकंपासाठीच्या मानकानं, भूकंप सोसणाऱ्या चौकटीतल्या कॉलमची लहान बाजू ३०० मिमीच्या खाली नेऊ दिलेली नाही. तिथे घासाघीस नाही. कॉलम दाराच्या मागे, कपाटाच्या कोपऱ्यात कसा लपेल ते मात्र आर्किटेक्टबरोबर बसून शोध. स्टील वाचवायचं तर स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, बघ, कॉलमच्या जागा बघ. रिंगांचं अंतर आणि त्यांच्या टोकांचे १३५ अंशांत आत वळवलेले हूक यांना हात लावू देऊ नकोस. फिटर हूक ९० वरच सोडतो, कारण तेच सोपं पडतं. म्हणून जागेवर जाऊन बघ.

अडचण खरी असली की बदल पटकन मान्य होतो, आणि भीती तिथेच. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात चौथ्या आणि दुसऱ्या मजल्याचे झुलते पूल छतापासून आलेल्या एकाच अखंड रॉडवर टांगायचे होते. एवढ्या लांब रॉडला आटे पाडणं त्रासाचं, म्हणून लोखंडी भाग बनवणाऱ्या फॅब्रिकेटरनं दोन तुकडे सुचवले. मागणी रास्त होती. पण आता खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला लटकला, आणि त्या बीमखालच्या नटवर भार दुप्पट झाला. मुळातला जोडही नियमापेक्षा कमजोरच होता. नवा जोड कुणी मोजलाच नाही. १७ जुलै १९८१ ला दोन्ही पूल कोसळले, ११४ माणसं गेली. जबाबदार इंजिनिअरांचे मिसुरीतले परवाने गेले. सही त्यांची होती.

शुक्रवारी ड्रॉइंग देण्याआधी एक कर. तुझ्या सगळ्यात गर्दीच्या गाठीचं चित्र जुन्या वर्तमानपत्रावर खऱ्या मापात काढ. सळी म्हणजे रेघ नाही, तिला जाडी दे. रिंगेलाही. मग त्यात बोट घालून बघ. शनिवारी तो कागद घेऊन घरी ये. काकू थालीपीठ लावणार आहे.

तुझा,
काका