लष्कराच्या टॉवेलचा लॉट तपासणीला लावण्याआधी

नमस्कार. तुम्ही विचारलंय की लष्करी पुरवठ्याचे ३,००० टेरी टॉवेल, ७५ × १५० सेंमी, ४०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम वजन), सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यात तयार आहेत. इन्स्पेक्टरला बोलावण्याआधी काय बघायचं?

आधी वजन. सोलापुरात माल तिथेच फसतो. टॉवेलचं क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर, म्हणजे नगाला ४५० ग्रॅम. पण हे ४५० ग्रॅम २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेचे. एप्रिलच्या कोरड्या हवेत बरोबर विणलेला टॉवेलही काट्यावर ४३० च्या आसपास दिसतो, आणि मालक घाबरून पाईलचं (टॉवेलवर उभ्या राहणाऱ्या फाशांचं) सूत वाढवतो. पावसाळ्यात उलटं होतं: मुळात हलका नग ओल धरून तुमच्या काट्यावर पास होतो आणि लॅबमध्ये नापास. कंडिशनिंग रूम (हे तापमान-आर्द्रता कायम राखणारी खोली) नसेल तर टॉवेल १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, बाहेर काढल्याबरोबर मोजा आणि १.०८५ ने गुणा, म्हणजे प्रमाण हवेतली ओल धरली जाते. कोरडा ४१५ ग्रॅम भरला तर ४५० बसतात. प्रत्येक मागावरचे निदान पाच नग घ्या, कारण एकाच मागाचं पाईल-टेन्शन बिघडलेलं असू शकतं. आणि खळ (विणण्याआधी सुताला लावलेला स्टार्च) पूर्ण निघाली आहे ना, तेही बघा. फिक्या रंगाच्या टॉवेलवर आयोडीनचा थेंब टाका. निळा पडला तर तुम्ही सुताऐवजी स्टार्चचं वजन मोजताय.

मग पाणी पिणं. हाताला मऊ लागावा म्हणून सिलिकॉन सॉफ्टनर जास्त मारला की टॉवेल अंगावरचं पाणी नुसतं फिरवतो. घमेल्यात पाणी घेऊन १० सेंमीचा तुकडा अलगद वर ठेवा. काही सेकंदांत बुडायला हवा. तरंगत राहिला तर स्कावरिंग (सुतातलं मेण-तेल काढणारी धुलाई) कच्चं आहे किंवा सॉफ्टनर जास्त आहे. कच्चं स्कावरिंग परत करता येतं. सिलिकॉन काढणं फार कठीण. थंडीत चौकीवर अंघोळ केलेल्या जवानाला दुसरा टॉवेल मिळणार नसतो, म्हणून इथे तडजोड करू नका.

रिॲक्टिव्ह डाईचा (सुताशी रासायनिक बंध धरणाऱ्या रंगाचा) गडद रंग असेल तर ओला पांढरा सुती कपडा वर ठेवून गरम इस्त्री दाबा. डाग उतरला तर उकळत्या साबणाचं सोपिंग (सुटा रंग काढणारी धुलाई) कमी पडलंय. बोअरच्या जड पाण्यात सुटा रंग निघत नाही, त्यासाठी मऊ पाणीच वापरा.

नजरेच्या तपासणीला आयएस २५०० (नमुना तपासणीचं भारतीय मानक) च्या सर्वसाधारण तपासणी पातळी २ प्रमाणे ३,००० नगांतून १२५ काढतात. एक्यूएल (चालवून घेण्याजोग्या सदोष नगांची टक्केवारी) २.५ असेल तर ७ सदोष नगांपर्यंत लॉट पास, ८ वा सापडला की परत. कुठली पातळी लागू आहे ते तुमच्या ऑर्डरमध्ये वाचा. ओढलेला पाईल, सुटलेली पिक (आडवा धागा), तेलाचा डाग आणि हेमचा (दुमडून शिवलेल्या कडेचा) चुकलेला टाका, यांवरच बहुतेक नग जातात. इन्स्पेक्टर येण्याआधी तुम्हीही तसेच १२५ काढा, पण कोपऱ्यातल्या गठ्ठ्यांतूनसुद्धा. फक्त वरचे काढलेत तर फसवणूक तुमचीच.

डाईंग लॉट (एकाच वेळी रंगवलेला माल) एकत्र करू नका. प्रत्येक गठ्ठ्यावर लॉट नंबर लिहा. ड्रायरमधून आलेला गरम माल लगेच पॉलिथिनमध्ये भरू नका, आत दव धरून बुरशी येते. प्रत्येक डाईंग लॉटचा एक टॉवेल सील करून स्वतःकडे ठेवा, नंतर तक्रार आली तर ताडून बघायला तोच लागतो.