मे महिन्यात ताडोबाजवळच्या कॉटेजमध्ये वीज कशी वाचवावी?

मोहर्लीजवळ मे महिन्यात चार दिवस कॉटेज घेतलंय, विजेचे पैसे मीटरप्रमाणे वेगळे द्यायचे आहेत, सोबत लहान मुलं आहेत, तर बिल आटोक्यात कसं ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय. मी चंद्रपूरचा. मोहर्लीला लागून इरई धरणाचं पाणी पसरलंय. त्याच पाण्यावर आमचं २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र चालतं आणि त्याची राख, धूर आमच्या वाट्याला येतो. म्हणून चार दिवसांच्या पाहुण्यानं हा विचार केला याचं मनापासून बरं वाटलं.

दिवे-पंख्यांची फार काळजी करू नका. नऊ वॅटचा एलईडी रात्रभर राहिला तरी दहा तासांत ०.०९ युनिट. खरा खर्च गारव्याचा आहे, तेव्हा एसी असला तरी कूलरच लावा. दीड टनाचा एसी, कॉम्प्रेसर चालू असताना, तासाला साधारण दीड युनिट ओढतो. कूलर दोनशे वॅटच्या आसपास, म्हणजे पाच तासांना एक युनिट. मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, पण हवा कोरडी असते आणि कूलरला तेच हवं असतं.

फक्त तो नीट चालवावा लागतो. बाहेरून येणारे बरेच जण दारं-खिडक्या गच्च लावून कूलर सुरू करतात. मग तासाभरात खोली दमट होते, अंग चिकचिकतं, आणि कूलर कामाचा नाही म्हणून एसी लागतो. कूलरसमोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा, आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. आधी दहा मिनिटं नुसता पंप चालवून ताट्या (कूलरच्या बाजूंना लावलेले गवताचे पॅड) पूर्ण भिजू द्या, मग पंखा लावा. मध्यरात्रीनंतर बहुतेक वेळा पंप बंद करून नुसता पंखा पुरतो. आणि हे कृपा करून पाळा : टाकीत पाणी भरताना बटण बंद करून प्लगही काढा, मुलांना कूलरला हात लावू देऊ नका. विदर्भात उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं दगावतात.

खोली निवडता येत असेल तर टिनाच्या छपरापेक्षा कवेलूची (कौलारू) घ्या. पहाटे सफारीला निघतानाच खिडक्या लावून पडदे ओढा (वानरंही आत येत नाहीत). परत येईस्तोवर ऊन तापलेलं असतं, तेव्हा लावून उपयोग कमी.

गीझर मेमध्ये लावायची गरजच नाही, छतावरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. आंघोळ सकाळीच उरका. पिण्याच्या पाण्यासाठी मालकाला माठ मागा. तेवढ्यासाठी फ्रिज चालवू नका.

जुलैनंतर आलात तर मात्र यातलं कूलरचं काही कामाचं नाही. पावसाळी हवेत तो दमटपणाच वाढवतो. तेव्हा पंखा, आणि अगदीच गरज पडली तर एसी २६ वर.

युनिटचा दर आधीच ठरवून घ्या, आणि आल्या-आल्या व निघताना मीटरच्या रीडिंगचा फोटो मालकासमोरच काढा.