ठिणगी उडाली आणि बॅटरी गप्प

प्रश्न : (दापोलीहून एक निवृत्त शिक्षक) नोकरी संपल्यावर जुनी मिनीबस घेतली, तिच्यात दोन बाक, शेगडी, पंखा बसवला. आम्ही दोघं हर्णै, आंजर्ले, वेळास असे फिरतो. १५०० वॉटचा इन्व्हर्टर चार वर्षं १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीवर बिनतक्रार चालला. ती थकली म्हणून दिवाळीत १०० एएचची लिथियम घेतली. हिला पाणी नाही, वाफ नाही, म्हणून ती मागच्या बाकाखाली नेली आणि वायर वाढवून घेतली. तेव्हापासून इन्व्हर्टरची वायर बॅटरीला टेकवली की ‘चट्’ करून ठिणगी उडते आणि सगळं थंड. मीटर लावला तर बॅटरीवर शून्य. वायर काढून जरा थांबलं की पुन्हा १३.२ दाखवतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कधी कधी लागतो. पण सोलकढीसाठी खोबरं मिक्सरला लावलं की इन्व्हर्टर पीं-पीं करून बंद. इन्व्हर्टरवाला म्हणतो बॅटरी बोगस, बॅटरीवाला म्हणतो इन्व्हर्टर म्हातारा झाला. खरं कोणाचं?

उत्तर : गुरुजी, दोघांचंही नाही. तुमची दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोघांनी मिळून त्यांचं एकच करून टाकलंय. पहिल्यात बॅटरी बंद पडते, दुसऱ्यात इन्व्हर्टर. मीटरवर शून्य आलं म्हणजे बॅटरीने हात काढून घेतला. पीं-पीं वाजलं म्हणजे इन्व्हर्टर अजून जिवंत आहे आणि ओरडून सांगतोय की मला व्होल्टेज पुरत नाही.

आधी ठिणगीचं. इन्व्हर्टरच्या पोटात मोठाले कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे डबे, असतात. ते रिकामे असताना वायर टेकवली की क्षणभरासाठी शेकडो अँपिअर ओढतात. हे पूर्वीही होतंच. मी मिरकरवाड्याला बोटींची वायरिंग करायचो, तेव्हाचा माझा १३ नंबरचा पाना बघाल तर त्याच्या तोंडाला उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे आहेत. सगळे ठिणग्यांचे. तुमच्या जुन्या ट्यूब्युलरसारख्या लेड-ॲसिड बॅटरीला त्याचं काही वाटत नाही. लिथियमच्या डब्यात मात्र बीएमएस नावाचं सर्किट असतं. आपल्याकडे गावाला राखणदार असतो ना, तसा हा सेलचा राखणदार. त्याला तो झटका शॉर्ट सर्किटसारखा दिसतो आणि तो तिथल्या तिथे दार लावून घेतो. काही बॅटऱ्यांत वायर काढल्यावर तो अर्ध्या मिनिटात दार उघडतो, काहींना चार्जर दाखवावा लागतो. तुमची पहिल्या जातीची. आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला लागतो हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. आधीच्या ठिणगीत कंडेन्सर थोडे भरलेले असतात, म्हणून पुढचा झटका लहान बसतो. माझा संशय तिथेच फिटला.

उपाय दहा-वीस रुपयांचा. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा. इन्व्हर्टरचं बटण बंद ठेवा. मायनस नीट आवळून घ्या. प्लसच्या वायरीची लग (टोकाची धातूची कडी) बॅटरीला लावायच्या आधी बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी त्या लगला धरा. बल्ब भपकन पेटेल, मग पिवळा, तांबूस होत विझेल. विझला की कंडेन्सर भरले. आता लगेच लग बसवून आवळा, ठिणगी उडणार नाही. बल्ब विझलाच नाही, लख्ख पेटून राहिला, तर मात्र थांबा. एक तर बटण चालू राहिलंय, नाहीतर इन्व्हर्टर आत शॉर्ट आहे, आणि त्या वेळी इन्व्हर्टरवाल्याचं बोलणं त्याच्यावरच उलटवा.

दर वेळी बल्ब धरत बसायचं नसेल तर प्लसच्या वायरीत आयसोलेटर स्विच (बॅटरी तोडायचा फिरता खटका) टाका आणि त्याच्या दोन टोकांवर एक पुश बटण व ५० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर एकामागे एक जोडून बसवून घ्या. बटण दोन-तीन सेकंद दाबायचं, दाबलेलं असतानाच आयसोलेटर फिरवायचा. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात १२५ अँपिअरचा फ्यूजही हवाच. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून टोकतो.

आता खोबरं. पत्रातली ‘वायर वाढवून घेतली’ ही अर्धी ओळ वाचली आणि मी चष्मा पुसला. इन्व्हर्टर ड्रायव्हरच्या सीटमागे असेल, तर मिनीबसमध्ये मागच्या बाकापासून तिथपर्यंत म्हणजे चारेक मीटर. जायची आणि यायची धरून आठ. बाजारात सहज मिळते ती १० स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असेल, तर त्या आठ मीटरला साधारण पंधरा मिलिओहम रोध आला. ७५० वॉटचा मिक्सर बारा व्होल्टच्या बाजूने सत्तरेक अँपिअर ओढतो, म्हणजे वाटेतच एक व्होल्ट गेला. ओलं खोबरं अडकून मोटर सुरू होताना करंट दुप्पट झाला की दोन व्होल्ट. बॅटरीवर १३ असले तरी इन्व्हर्टरपर्यंत अकराच्या आत-बाहेर पोचतात, आणि तो पीं-पीं करतो. शिवाय वाढवली म्हणजे मध्ये जोड आला. हर्णैच्या खाऱ्या वाऱ्यात टेप गुंडाळलेल्या जोडाचं काय होतं ते मला नका विचारू. टेप सोडून बघा, आत हिरवं निघेल. मिक्सर चालवून लगेच जोडाला हात लावा. गरम लागला तर दुसरी परीक्षा नको.

परीक्षेची गरज पडलीच तर ही करा : मिक्सर चालू असताना आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर दोष वायरीचा. इन्व्हर्टर उचलून बॅटरीशेजारी न्या, मध्ये मीटरभरच ३५ स्क्वेअर एमएमची अखंड वायर, टोकांना कथिलाचा मुलामा दिलेल्या लग, हायड्रॉलिक क्रिंपने (दाबयंत्राने) दाबलेल्या. वरून पेट्रोलियम जेलीचा हात. २३० व्होल्टची वायर मात्र लांब गेली तरी चालते.

एक मर्यादा राहते. १०० एएचच्या बॅटरीचा बीएमएस बहुतेक १०० अँपिअरचा असतो; लेबलवर बघा. १५०० वॉट पूर्ण ओढायला १३० अँपिअर लागतात, म्हणजे मिक्सर आणि इलेक्ट्रिक किटली एकदम लावलीत तर राखणदार दार लावणारच. वहिनींना सांगा, आधी कढी, मग चहा.

प्रश्न : (वेंगुर्ल्याहून) कॅम्पर पावसाळाभर पडवीत उभा होता. आता लिथियम बॅटरीवर शून्य व्होल्ट, साधा चार्जर तिला ओळखतच नाही. मेली का?

उत्तर : इन्व्हर्टर चालू राहिला होता का ते आठवा. नुसता चालू राहिला तरी अँपिअरच्या आसपास खातो. १०० एएच चार-पाच दिवसांत संपते. मग बीएमएस दार लावतो आणि चार्जरला व्होल्टेज दिसलं नाही की तोही हात लावत नाही. लिथियम जागी करायची सोय असलेला चार्जर आणून लावून बघा. जागी झाली तर पहिला तासभर करंट कमी ठेवा आणि डबा हाताने चाचपत राहा. फुगलेली दिसली किंवा तापू लागली तर हट्ट नको. पुढच्या मे अखेरीस बॅटरी अर्धी भरून मायनस काढून ठेवा.