विम्याच्या जाहिराती आणि कंपनीची निवड: कंपनी सगळ्यात शेवटी ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दोघंही कमावते, तुम्ही ३४ वर्षांच्या, मिस्टर ३६ चे, मुलगी पहिलीत, ३८ लाखांचं गृहकर्ज अजून बरीच वर्षं चालणार. टीव्हीवर मॅच लावली की विम्याच्या जाहिरातींचा भडिमार होतो, प्रत्येक कंपनी 'सर्वात जास्त क्लेम आम्हीच देतो' म्हणते, आणि सासऱ्यांच्या ओळखीचे एजंट एक 'गॅरंटीड' योजना घेऊन घरी येऊन गेलेत. यात विश्वास कुणावर ठेवायचा?

मी एजंट नाही आणि विमा कंपनीत नोकरीही केलेली नाही. नात्यात किंवा आमच्या सोसायटीत कुणाचा क्लेम अडकला की कागदपत्रं लावायला मला बोलावतात. त्यातून जे दिसत गेलं, त्यावरून सांगतो.

जाहिराती सहसा धडधडीत खोटं बोलत नाहीत. विमा नियामक आयआरडीएआयचे जाहिरातींसाठी नियम आहेत. युलिपची, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीची, जाहिरात 'गुंतवणूक योजना' म्हणून करायला २०२४ पासून मनाई आहे. अडचण वेगळी आहे. जाहिरात तुम्हाला सगळ्यात आधी कंपनी निवडायला लावते. घरावर कुठलं संकट आलं तर पैसा कमी पडेल हे आधी बघा. मग रक्कम ठरवा, मग पॉलिसीचा प्रकार, आणि कंपनीचं नाव त्यानंतर.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीतल्या भारत-पाकिस्तान सामन्याच्या वेळी टर्म विम्याची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्याची, एक जाहिरात लागत होती. नवरा टर्म विमा न घेताच गेला, आता घरखर्च आणि शाळेची फी कशी भरायची, असं त्यातली विधवा बोलते. लोक खूप चिडले, संवेदनाहीन म्हणाले. मलाही ती खटकली. गेलेल्या माणसावर ठपका ठेवून जिवंत माणसाला घाबरवायचं, आणि घाबरलेला माणूस कागद न वाचताच सही करतो. आणखी एक गोष्ट खटकते, तिच्यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. अशा बहुतेक जाहिरातींत जाणारा नवराच असतो. तुमच्या घरी कर्जाचा हप्ता दोघांच्या पगारातून जातो. तुमचा पगार थांबला तरी कर्ज थांबणार नाही. म्हणून टर्म विमा दोघांचा हवा, आणि दोन वेगळ्या पॉलिसी हव्यात.

रक्कम काढायला कॅल्क्युलेटरची गरज नाही. ३८ लाखांचं कर्ज. घरखर्च महिना ४५ हजार धरला तर वर्षाला ५ लाख ४० हजार, वीस वर्षांचे एक कोटी आठ लाख. त्यात मुलीचं शिक्षण मिळवा, हातातली बचत वजा करा. उत्तर दीड कोटीच्या आसपास येतं, ते तुमच्या आणि त्यांच्या पगाराच्या प्रमाणात वाटून घ्या. मुदत निवृत्तीच्या वयापर्यंत पुरे. ८५ किंवा ९९ वर्षांपर्यंतचं कव्हर आणि 'हप्ते परत मिळणारी' टर्म, या दोन्हींसाठी हप्ता बराच जास्त मोजावा लागतो आणि तुम्हाला त्यांची गरज नाही.

'रोज चहाच्या पैशात एक कोटी' अशा जाहिरातीत आकड्याच्या डोक्यावर एक तारा असतो आणि खाली बारीक अक्षरात त्याचा अर्थ. तो दर विशीतल्या, तंबाखूला न शिवणाऱ्या, तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाचा असतो. तुमचा दर तुमच्या वयावर आणि तपासण्यांवर ठरेल. तंबाखू म्हणजे फक्त सिगारेट असं समजू नका. मळलेली तंबाखू, गुटखा, मशेरी हे सगळं फॉर्मवर सांगावं लागतं.

आता एजंटसाहेबांच्या 'गॅरंटीड'कडे येऊ. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत दरवर्षी १ लाख, १० वर्षं भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेर २० लाख मिळणार. 'दुप्पट' ऐकायला छान वाटतं. पण पहिला लाख पूर्ण वीस वर्षं आणि शेवटचा लाख अकरा वर्षं त्यांच्याकडे राहतो. हिशोब केला तर वार्षिक परतावा जेमतेम साडेचार टक्के निघतो. हेच हप्ते पीपीएफच्या सध्याच्या ७.१ टक्के दराने गेले, तर विसाव्या वर्षी साडेएकोणतीस लाखांच्या जवळपास होतात. पीपीएफचा दर बदलू शकतो हे खरं, पण फरक किती मोठा आहे ते बघा. शिवाय अशा योजनेत मृत्यूनंतर मिळणारी रक्कम बहुधा वार्षिक हप्त्याच्या दहापट, म्हणजे १० लाखांच्या घरात असते. ३८ लाखांच्या कर्जापुढे तिचा काय उपयोग? सासऱ्यांचं मन मोडायचं नसेल तर हा हिशोब त्यांच्यासमोर शांतपणे कागदावर मांडा. जुन्या पिढीला व्याजाचं गणित आपल्यापेक्षा पटकन कळतं.

आणखी एक. त्या कोटेशनवर जीएसटीची ओळ असेल तर कागद जुना आहे. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय.

आरोग्य विम्यात जाहिरातींमुळे सर्वात जास्त फसगत होते असं माझं मत आहे. पडद्यावर हसरे डॉक्टर आणि 'कॅशलेस' एवढंच दिसतं, खोलीभाड्याच्या मर्यादेचा उल्लेख कुठे नसतो. आमच्या सोसायटीतल्या एका काकांची पॉलिसी ५ लाखांची होती आणि खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार. हॉस्पिटलमध्ये रिकामी खोली ८ हजारांची होती, तीच घेतली. घरच्यांना वाटलं, दिवसाचे ३ हजार आपण भरू. पण खोली वरच्या दर्जाची घेतली की डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. हे खर्च १ लाख ६० हजार होते, कंपनीने आठातले पाच भाग, म्हणजे १ लाख दिले. ६० हजार खिशातून गेले आणि खोलीचा फरक वेगळा. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही, म्हणून तेवढ्यावर निभावलं. कंपनीचं काही चुकलं नव्हतं, अट पॉलिसीत छापलेली होती. घेताना ती कुणी वाचून दाखवली नव्हती.

म्हणून पॉलिसीसोबत येणारा ग्राहक माहिती पत्रक हा कागद वाचा. १ जानेवारी २०२४ पासून तो सोप्या भाषेत, ठरलेल्या नमुन्यात देणं बंधनकारक आहे. त्यात खोलीभाडं, को-पे (बिलातला आपण भरायचा ठरलेला वाटा), आजारनिहाय मर्यादा आणि प्रतीक्षा काळ (ज्या काळात काही आजारांचा खर्च मिळत नाही) या चार ओळी शोधा. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षा काळ आता ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, पूर्वी ४८ होता. ऑफिसचा ग्रुप विमा कितीही चांगला असला तरी नोकरी सुटली की तोही सुटतो, तेव्हा स्वतःची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम असलेली, पॉलिसी घ्याच.

आता क्लेम सेटलमेंट रेशो, म्हणजे आलेल्या क्लेमपैकी किती दिले त्याच्या प्रमाणाबद्दल. जाहिरातीत दाखवतात तो आकडा क्लेमच्या संख्येवर काढलेला असतो. ५० हजारांचा एन्डोमेंटचा (बचत आणि विमा एकत्र असलेल्या पॉलिसीचा) क्लेम आणि १ कोटीचा टर्मचा क्लेम, दोन्ही त्यात 'एक'च. रकमेनुसारचे आकडे आयआरडीएआयच्या वार्षिक अहवालात मिळतात, ते बघा. मोठ्या कंपन्यांमध्ये अर्ध्या-एका टक्क्याच्या फरकावर निर्णय घेऊ नका. आणि ज्या साइटवर दहा कंपन्यांचे दर एकत्र दिसतात ती साइट विमा कंपनी नसते, ब्रोकर असते. क्लेम कंपनीच देणार.

यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे तो प्रपोजल फॉर्म, म्हणजे विमा घेताना भरायचा अर्ज, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही. आमच्याकडे आलेल्या अडकलेल्या क्लेमपैकी बहुतेकांचं मूळ तिथेच निघालं. एजंट म्हणतो, 'तुम्ही सही करा, बाकीचं मी भरतो', आणि बीपी, शुगर, आधीचं ऑपरेशन या प्रत्येक रकान्यात 'नाही' वर खूण होते. क्लेमच्या वेळी कंपनी हॉस्पिटलचे जुने पेपर मागवते. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे आयुर्विम्याची पॉलिसी ३ वर्षं पूर्ण झाल्यावर कुठल्याही कारणाने नाकारता येत नाही, पण त्याआधी काही घडलं तर घरच्यांना झगडावं लागतं. फॉर्म स्वतः भरा. मिस्टरांची बीपीची गोळी चालू आहे असं तुम्ही लिहिलंय, ती डोससकट लिहा. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या.

त्यांची टर्म पॉलिसी घेताना विवाहित स्त्री संपत्ती कायदा, १८७४ याखाली घ्यायची का, याचाही विचार करा. तशी घेतली की पैसे फक्त तुम्हाला आणि मुलीला मिळतात, कर्ज देणाऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो, नंतर जोडता येत नाही, आणि लाभार्थीही मनाला येईल तसे बदलता येत नाहीत.

बँकेने कर्जासोबत विमा सक्तीचा आहे असं सांगितलं असेल तर तसा कायदा नाही. त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिसळला गेलाय का, ते मंजुरीपत्रात बघा.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांचा फ्री लूक मिळतो. न पटल्यास परत करता येते, मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी असे किरकोळ खर्च कापून पैसे मिळतात. पुढे कधी क्लेमवरून वाद झालाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

सासू-सासऱ्यांच्या आरोग्य विम्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. त्यांचं वय आणि चालू असलेली औषधं कळवा. दोघांपैकी कुणी सत्तरी पूर्ण केली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड (ज्येष्ठांसाठीचं सरकारी आरोग्य विमा कार्ड) आधी काढून घ्या, त्यात उत्पन्नाची अट नाही. बाकीचं त्यांची माहिती आली की लिहितो.