जुनं वॉल्थर, नवा परवाना: वाचकांचे प्रश्न, शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या आर्मररची उत्तरं

प्रश्न : माझी सराफ्यात पेढी आहे. .३२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) पिस्तुलाचा परवाना मिळाला, खरेदीची मुदत चालू आहे. ओळखीचे एक वकील त्यांचं जुनं जर्मन वॉल्थर पीपीके विकताहेत. भाव ऐकून घरचे हबकले, पण पिस्तूल एकदा हातात घेतलं की खाली ठेववत नाही. वकीलसाहेब म्हणतात, रेंजवर या, चालवून बघा, मग ठरवा. तिथे नेमकं काय बघायचं? मी आजवर प्रशिक्षणापुरत्याच गोळ्या झाडल्या आहेत.
– एक वाचक, इंदूर

उत्तर : वकीलसाहेब स्वतःहून रेंजवर या म्हणाले, हे मला सगळ्यात आवडलं. आपल्याकडे जुनं पिस्तूल विकणारे बहुतेक जण ‘एकदम कंडीशन में है, एक गोली नहीं चली’ एवढ्यावर सौदा उरकायला बघतात. एकही गोळी न चाललेलं पिस्तूल म्हणजे ते चालतं की नाही हे कुणालाच ठाऊक नसलेलं पिस्तूल. त्यासाठी जादा पैसे कशाला मोजायचे?

भावाचं आधी सांगतो. पीपीके बाजारात आलं १९३१ मध्ये. आपल्या देशात सामान्य परवानाधारकासाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद झाली. त्यामुळे त्याआधी आलेलीच पिस्तुलं या हातातून त्या हातात फिरताहेत. तुम्ही जो भाव ऐकलात त्यातला मोठा हिस्सा दुर्मिळपणाचा आहे, नळी आणि स्प्रिंगचा नाही. नऊ मिलिमीटर तर सामान्य नागरिकाला मिळतच नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. म्हणून .३२ च्या छोट्या पिस्तुलांवर सगळ्यांच्या उड्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे विकणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. तोवर पिस्तूल वकीलसाहेबांचंच. चाचणीसुद्धा ते समोर उभे असताना, त्यांच्या परवान्यावरच्या काडतुसांनी आणि क्लबच्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. बाहेरचं शस्त्र पाहुण्याच्या हाती द्यायचं का, हे क्लबवाले ठरवतात, तेव्हा आधी विचारून जा. रेवती रेंजचं नाव ऐकून तिकडे वळू नका. ती बीएसएफची आहे, २०२४ च्या जुलैत जिथे एका दिवसात लाखो रोपं लावली तीच. तुम्हाला गेटवरूनच परत पाठवतील. आणि परवान्यावरचा शस्त्रक्रमांक पिस्तुलावरच्या क्रमांकाशी स्वतः, चष्मा लावून, एकेक आकडा ताडून बघा. जुन्या कोरीव कामात ३ आणि ८ सहज गफलत करतात, आणि मग फाइल टेबलावरून हलत नाही.

आता पिस्तूल. गोळी झाडण्याआधीच अर्धा निकाल लागतो, म्हणून रेंजवर अर्धा तास लवकर पोहोचा. हातात घेतल्याबरोबर मॅगझिन काढा आणि स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढून आत काही असेल तर बाहेर पडू द्या. पीपीकेला स्लाइड अडकवायची वेगळी कळ नसते, म्हणून मग रिकामी मॅगझिन घालून स्लाइड पुन्हा मागे ओढा, ती अडकेल. आता चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, बघा आणि करंगळीचं टोक घालूनही चाचपा. वकीलसाहेबांनी तुमच्यासमोर तपासलं असलं तरी तुम्ही पुन्हा तपासायचं. यात कुणाचा अपमान होत नाही. महूच्या शस्त्रागारात मी कर्नलसाहेबांच्या हातातून घेतलेलं शस्त्रही असंच उघडून बघायचो, आणि त्यांनी ते गृहीतच धरलेलं असायचं.

मग नळी. चेंबरच्या बाजूला पांढरा कागद धरा आणि तोंडाकडून आत बघा. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, स्वच्छ दिसले तर उत्तम. थोडे खड्डे दिसले तर घाबरू नका, जुन्या काळच्या काडतुसांच्या टोप्यांमधल्या (टोपी म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणारा भाग) क्षारांनी ते पडतात आणि पिस्तूल तरीही चालतं. पण मध्येच एखादी गोल काळी वळी दिसली तर तिथे नळी फुगली आहे. कधीतरी एक गोळी आत अडकली आणि तिच्यामागे दुसरी झाडली गेली, असा तिचा अर्थ. असं पिस्तूल फुकट मिळालं तरी नको.

बाहेरून चकाकी फार असेल तर सावध. नवा काळा मुलामा चढवण्याआधी घासावं लागतं आणि घासलं की अक्षरांच्या कडा गोल होतात. स्लाइडवरच्या ‘वॉल्थर’ नावाच्या पट्टीतली अक्षरं धारदार दिसली पाहिजेत. मुठीच्या पट्ट्या काढून दाखवा म्हणा. आपल्या पावसाळ्यात गंज तिथेच दडतो, आणि जे पिस्तूल वर्षानुवर्षं चामड्याच्या म्यानात झोपून असतं त्याची खालची बाजू तर हमखास खाल्लेली असते. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं लोखंडाला सोसत नाहीत.

पीपीकेची एक खास तपासणी सांगतो, ती मात्र टाळू नका. या पिस्तुलाची सेफ्टी खाली केली की घोडा आपोआप पडतो, पण आतला अडथळा त्याला फायरिंग पिनपर्यंत पोहोचू देत नाही. नव्या पिस्तुलात हे निर्धास्त चालतं. झिजलेल्यात तो अडथळा दगा देऊ शकतो. त्यासाठी एक बारीक गोल पेन्सिल न्या. पिस्तूल रिकामं असल्याची पुन्हा खात्री करा, काडतुसं दुसऱ्या टेबलावर ठेवा, पिस्तुलाचं तोंड वर आणि कुणाच्याही दिशेनं नाही असं धरा, आणि पेन्सिल बिनटोकाच्या बाजूनं नळीत सोडा, म्हणजे ती तळाशी टेकेल. घोडा मागे करून चाप ओढा : पेन्सिल टुणकन उडाली पाहिजे, नाहीतर पिन किंवा घोड्याची स्प्रिंग मेलेली आहे. आता पुन्हा पेन्सिल टाका, घोडा मागे करा आणि या वेळी चापाला हात न लावता सेफ्टी खाली करा. घोडा पडेल, पेन्सिल जागची हलता कामा नये. हलली तर पिस्तूल वकीलसाहेबांना नम्रपणे परत करा आणि कारण सांगा, त्यांच्याही जिवाचा प्रश्न आहे. ही तपासणी भरलेल्या पिस्तुलावर करायची नसते, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

मॅगझिनकडे लोक बघतच नाहीत. सातची मॅगझिन असते. तिचे वरचे दोन्ही ओठ सारखे वळलेले आहेत का, मागच्या शिवणीला चीर गेली आहे का, ते उजेडात फिरवून बघा. पिस्तूल अडकतं त्यात निम्म्याहून जास्त वेळा दोषी मॅगझिन असते आणि जुनी मूळ मॅगझिन आता सहजी मिळत नाही. दोन असतील तर दोन्ही चालवून बघा. भरताना .३२ च्या काडतुसाच्या बुडाची बारीक कड लक्षात ठेवा : वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आली पाहिजे. मागे राहिली तर दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि लोक उगाच पिस्तुलाला शिव्या देतात.

काडतुसं वापरायची ती खडकीच्या कारखान्याची, ‘केएफ’ शिक्क्याची. पुढेही तुम्हाला तीच मिळणार. कुणाकडे सांभाळून ठेवलेली परदेशी चार काडतुसं असतील आणि पिस्तूल त्यांच्यावरच गोड चालत असेल, तर तुम्हाला त्याचा काय उपयोग?

आता लक्ष्यासमोर. कानाला मफ, डोळ्याला चष्मा, आणि शर्टाची कॉलर बंद, कारण तापलेली पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच) आत शिरली की माणूस पिस्तूल कुठे वळवेल याचा नेम नाही. लक्ष्य दहा मीटरवर लावा. पंचवीसवर लावून ‘नेम बघू’ म्हणू नका. एवढ्या आखूड पिस्तुलाची नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच इतकी जवळ असते की हाताची केसभर चूक तिथे वीतभर होते.

पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस. मग दोन. मग पूर्ण. घोडा सेफ्टीनं खाली पाडलेला असेल तर पहिल्या चापाला तोही तुम्हीच मागे ओढता, म्हणून चाप लांब आणि जड लागतो. पुढचे सगळे चाप हलके. पहिली गोळी खाली गेली तर ते पिस्तुलाचं पाप नाही. बाकीच्या आपापसात जवळ पडल्या की नळीचं काम झालं.

हिसका तुमच्या अपेक्षेपेक्षा जास्त लागेल. काडतूस चिमुकलं, पण यात नळी जागेवर घट्ट असते आणि स्लाइडला फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग थोपवते, म्हणून सगळा धक्का थेट तळहातात येतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस वर सरकलं तर स्लाइड ते ओरबाडून नेते. तुमचे हात गुबगुबीत असतील, आणि पेढीवर बसणाऱ्यांचे बहुधा असतातच, रागावू नका, तर पूर्ण मॅगझिन झाल्यावर ती जागा बघा. लाल रेघ उमटली असेल तर हे पिस्तूल तुमच्या हाताचं नाही, मग ते कितीही देखणं असो.

आणि मग खाली वाका. लक्ष्याच्या कागदाकडे सगळे धावतात, मी पुंगळ्या वेचायचो. पुंगळ्या साधारण एकाच दिशेला, एकाच अंतरावर पडल्या असतील तर स्प्रिंग आणि पुंगळी बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर शाबूत. फोडणीतल्या मोहरीसारख्या चहूकडे उडाल्या असतील, किंवा एखादी स्लाइडमध्येच उभी अडकली असेल, तर स्प्रिंग बदलावी लागेल, तेवढे पैसे भावातून कमी करा. प्रत्येक पुंगळीच्या टोपीवर पिनचा ठसा मधोमध आणि खोल हवा. ठसा एका कडेला गेला असेल, टोपी फाटली असेल किंवा पुंगळीचं बूड फुगलं असेल तर तिथेच थांबा, पुढची गोळी झाडू नका. आणि चाप ओढल्यावर नुसती ‘टक्’ झाली तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. कधीकधी दारू उशिरा पेटते.

परत निघण्याआधी साबणानं हात धुवा. शिशाची धूळ असते. कचोरी त्यानंतर.

माझं मत विचारलंत तर : पेन्सिल, मॅगझिन आणि पुंगळ्या या तिन्हींत पास झालं आणि तळहातावर रेघ उठली नाही, तर घ्या. पण नुसतं दाखवण्यासाठी नाही, वापरण्यासाठी हवं असेल, तर त्याच भावात देशी नवं पिस्तूल घेऊन उरलेल्या पैशांत दुकानाची तिजोरी आणि शटर बदललेलं मला जास्त पटेल. घरच्यांनाही.

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे जुनं वेब्ली .३२ पिस्तूल आहे आणि ते माझ्या नावावर करावं अशी त्यांची इच्छा आहे. मुलीला ते मिळू शकतं का? शिवाय मला त्याची स्लाइडच ओढता येत नाही. भाऊ म्हणतो, बायकांचं काम नाही, रिव्हॉल्व्हर घे.
– एक वाचक, स्नेहनगर

उत्तर : मिळू शकतं. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवानाधारक ७० वर्षांचे झाले किंवा शस्त्र त्यांच्याकडे २५ वर्षं असलं, तर हयातीतच वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो, आणि मुलगी वारस आहेच. मात्र परवाना तुमचा नवा निघेल, म्हणजे पोलीस पडताळणी आणि शस्त्रहाताळणीचं प्रशिक्षण तुम्हाला चुकणार नाही. भावाची ना हरकत लेखी घेऊन ठेवा. तो असं बोलतोय म्हणून तर नक्कीच घ्या.

स्लाइडला ताकद लागते त्यापेक्षा पद्धत जास्त लागते. दोन बोटांच्या चिमटीत धरून मागे ओढू नका. पिस्तूल छातीजवळ आणा, तोंड समोर लक्ष्याकडेच, बोट चापाबाहेर. डाव्या हाताच्या चारही बोटांनी स्लाइड वरून मुठीत पकडा, तो हात स्थिर ठेवा आणि उजव्या हातानं पिस्तुलाची मूठ पुढे ढकला. ओढण्यापेक्षा ढकलण्यात खांद्याचा जोर कामी येतो. रिकाम्या पिस्तुलावर, वडील शेजारी बसलेले असताना सराव करा. हे वेब्ली १९११ पासून लंडनचे पोलीस वापरत होते. त्यांच्यातही सगळे पहिलवान नसावेत.

रिव्हॉल्व्हरचं म्हणाल तर कानपूरला २०१४ मध्ये निघालेलं ‘निर्भीक’ बायकांसाठी म्हणून गाजलं. साधारण अर्धा किलो वजन. हलकं आहे, पण शस्त्र जितकं हलकं तितका हिसका जास्त, आणि रिव्हॉल्व्हरचा चाप बोटाला चांगलाच जड पडतो. भावाला एकदा रेंजवर न्या आणि दोन्ही त्याच्याच हातात द्या. आणि वेब्लीची काडतुसं रिव्हॉल्व्हरमध्ये किंवा रिव्हॉल्व्हरची पिस्तुलात कधी घालू नका. दोन्हींवर .३२ लिहिलेलं असलं तरी ती वेगळी आहेत.

प्रश्न : परवाना नाही, घ्यायचाही नाही. पण नेमबाजी शिकायची आहे. वय ५२. कुठून सुरुवात करू?
– एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : हवाई पिस्तुलापासून. .१७७ बोअरचं आणि २० जूलपर्यंत ऊर्जेचं असेल तर परवाना लागत नाही. दहा मीटरवरच्या लक्ष्याचं दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचं असतं. तिथे चाप दाबायला शिकलात की पुढे काहीही चालवाल. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमधून तयार होऊन विजय कुमारनं २०१२ मध्ये लंडनला रौप्यपदक आणलं, आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक. ही मंडळी रोज तासन्‌तास छर्‍याविना नुसता चापच दाबत बसतात. क्लबमध्ये नाव नोंदवताना पिस्तूल लगेच विकत घेऊ नका, पहिले काही महिने त्यांचंच वापरा. आणि डोळ्यांचा नंबर आधी तपासून घ्या. बावन्नाव्या वर्षी समोरची माशी धूसर दिसते, आणि बाकी कशापेक्षाही नेम त्यानं जास्त चुकतो.