उजनीच्या माशांच्या पोटात गेलेलं फवारणीचं औषध मासा पचवतो का?

पचवतो, पण सगळं नाही. आणि कधीकधी पचवतानाच स्वतःचा घात करून घेतो.

आपल्याकडे द्राक्ष-डाळिंबावर मारलेलं औषध पावसाबरोबर ओढ्यातून भीमेत उतरतं. माशाच्या अंगात ते मुख्यतः कल्ल्यांतून शिरतं, थोडं खाण्यातून. पुढचं काम यकृताचं. तिथले 'सायटोक्रोम पी-४५०' गटातले एन्झाइम त्या रेणूला ऑक्सिजन चिकटवतात. मग शरीरातच तयार होणारं ग्लुटाथायोनसारखं काहीतरी त्याला जोडलं जातं, तो पाण्यात विरघळण्याजोगा होतो आणि पित्तातून किंवा लघवीतून बाहेर पडतो.

गोम पहिल्याच पायरीत आहे. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक घ्या. यकृत त्यातलं गंधक काढून ऑक्सिजन बसवतं आणि तयार होणारा 'ऑक्सॉन' मूळ औषधापेक्षा जास्त जहाल असतो. तो मज्जातंतूंचं एन्झाइम बंद पाडतो, म्हणून असा मासा आधी सैरभैर पोहतो, मग कलंडतो. सायपरमेथ्रिनसारखी औषधं आपलं शरीर झटपट फोडतं. माशाला ते फार सावकाश जमतं. म्हणूनच ती शेततळ्याच्या कडेला मारूच नयेत.

डीडीटीची तर वेगळीच तऱ्हा. त्याचं डीडीई होतं आणि ते चरबीत ठाण मांडतं. भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९ पासून बंद आहे, पण असले रेणू गाळात वर्षानुवर्षं टिकतात.

चिलापी किंवा रोहू घेताना यकृत, आतडी आणि पोटाकडची पिवळी चरबी काढूनच टाकायला सांगा. चरबीत साठणारं औषध त्याने बरंच कमी होतं, पूर्ण जात नाही. नुसतं मीठ-हळद लावून धुण्याने मात्र काही होत नाही, आमच्या घरी कितीही ठामपणे सांगितलं जात असलं तरी.