वडिलांना शुगर आहे, पथ्याचं बोललं की चिडतात. त्यांना कसं समजवावं?

तुम्ही लिहिलंय वडील गोळ्या घेतात पण गोड सोडत नाहीत, टोकलं की ताट सरकवून उठतात. मी वडिलांच्या बाजूचा, आधीच सांगतो. मला 11 वर्षं टाईप 2 आहे.

आमचा गणपती दादाकडे असतो. शुगर निघाली त्याच्या दुसऱ्या वर्षी पंगत बसलेली, वहिनीने मोदक वाढला, वर तूप सोडलं आणि दादा समोरून ओरडला, "अगं त्याला काय वाढतेस, शुगर आहे त्याला!" वीसेक माणसं, त्यात माझ्या ऑफिसचे दोघं. वहिनीने बिचारीने मोदक उचलून नेला, तूप तेवढं पानावर राहिलं. त्याच पानात दोन मुदी भात होता, बटाट्याची भाजी होती, त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही, कारण आपल्याकडे शुगर म्हणजे फक्त गोड. रात्री एकला उठलो आणि फ्रिजमधले गारढोण मोदक अंधारात उभ्या उभ्या पाच खाल्ले, चवसुद्धा लागली नाही. मग सात महिने लॅबकडे फिरकलोच नाही, रिपोर्ट वाईट आला तर दादाचं खरं ठरणार ना. शेवटी गेलो तेव्हा आधी चार दिवस भात बंद करून फास्टिंग (उपाशीपोटीची शुगर) बरी आणली, पण एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी तीन महिन्यांचा हिशोब काढते, तिथे लबाडी चालत नाही. 9.8 आली, म्हणजे बरीच जास्त.

डॉक्टर ओरडले नाहीत, म्हणाले, "कंटाळा आलाय का या सगळ्याचा?" मी तिथेच रडलो, चक्क. याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात, म्हणजे शुगर सांभाळता सांभाळता मनावर येणारा ताण, डिप्रेशनपेक्षा वेगळं. पोलोन्स्की नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1995 साली त्यासाठी प्रश्नांची यादी केली, त्यात घरच्यांची साथ वाटते का हेही विचारलंय.

दादाचं अजून तेच, "तोंडावर ताबा नाही म्हणून झालं." अरे आईला होती, मामाला होती, तुला झाली नाही त्यात तुझं काय कर्तृत्व?

तर समजवू नका. चारचौघात तर अजिबात नाही. सगळ्यांच्याच ताटातला भात कमी करा, जेवल्यावर त्यांच्याबरोबर चालायला जा, शुगर तपासायच्या स्ट्रिप्स किती संपल्या ते मोजू नका (माझी बायको मोजायची).

हां, पायाला जखम असेल, बरी होत नसेल तर माझं ऐकू नका, चिडले तरी डॉक्टरकडे न्याच. आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी चालू असेल आणि अचानक चिडले, घाम फुटला, हात थरथरले तर तो स्वभाव नाही, शुगर उतरलेली असू शकते. लगेच तपासा, 70 च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून द्या, 15 मिनिटांनी परत तपासा. शुद्धीत नसतील तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. पण शुद्धीत असतील आणि त्या वेळी कुणी "गोड नको त्याला" म्हणत मध्ये आलं तर त्याला बाजूला करा, मग तो थोरला भाऊ का असेना.